सागरी मार्गावर सायकलस्वारांचाही विचार व्हावा

महोदय,

मुंबई-गोवा महामार्ग टाळून कोकणच्या सागरी मार्गाने सायकलवर जाताना दाभोळ-धोपावे फेरीबोटीने वाशिष्ठी नदी ओलांडावी. पुढे गुहागर, वेळणेश्वर, हेदवी करत तवसाळहून बोटीने जयगड. रहदारी तुरळक, पण प्रत्येक खाडीगणिक उतार आणि लगेच उभा चढ. चढासाठी मागच्या चाकाला ३२ ते ३४ दात्यांची मोठी गिअरचकती आणि ३२ मिमी रुंदीचे टायर हवेतच. उतारावर ब्रेक सतत दाबून धरल्यास (रिमवर दाबणारा ब्रेक असेल तर) रिम तापते, ट्यूब फुटू शकते. वळणाआधी दाबावा, मग सोडावा. वळणावर जांभ्या दगडाची भुकटी असतेच, तिथे ब्रेक लावला की चाक सरकलेच!

बांधकाम खात्याने निदान गतिरोधकांवर पांढरे पट्टे मारावेत. फेरीबोटीच्या शेवटच्या खेपेची वेळ धक्क्यावर नव्हे, अलीकडच्या फाट्यावर लिहावी. बोट चुकल्यास वळसा फार मोठा पडतो.

– एक सायकलस्वार, चिपळूण