मुदतवाढ फक्त नेत्यांनाच का?

संपादक साहेब, नमस्कार.

ब्रेक्झिटला, म्हणजे ब्रिटनच्या युरोपियन युनियनमधून बाहेर पडण्याला, तिसऱ्यांदा मुदतवाढ मिळाली ही बातमी वाचली, ३१ ऑक्टोबर २०१९ च्या ऐवजी ३१ जानेवारी २०२०. कापूसवाल्याला इंग्लंडचं काय पडलंय म्हणाल, पण भाचा तिकडे नोकरीला आहे. भाऊबीजेला बहिणीकडे बसलो होतो तर त्याचा व्हिडिओ कॉल आला, म्हणे मामा, पुन्हा तीन महिने लटकले. दाजी पानाला चुना लावता लावता म्हटले, मंग हाई तारीख कसानी? (मग ही तारीख कशाची?)

दाजी बरोबर बोलले. २०१३ ला तेव्हाचे पंतप्रधान कॅमेरून साहेबांनी युनियनमध्ये राहायचं की नाही यावर सार्वमताचा शब्द दिला तो पक्षातली भांडणं मिटवायला आणि मतं फुटू नयेत म्हणून, २०१६ ला निकाल ५२-४८ असा उलटा लागला तर त्याच दिवशी राजीनामा जाहीर करून मोकळे. त्यांच्या जागी आलेल्या पंतप्रधान थेरेसा मे बाईंनी २०१७ मध्ये चांगलं चालू असलेलं बहुमत मुदतीआधी निवडणूक घेऊन घालवलं, मग उत्तर आयर्लंडच्या एका छोट्या पक्षाच्या १० खासदारांवर गाडी ढकलत बसल्या. विरोधी पक्षाचे कॉर्बिन तर शेवटपर्यंत कुंपणावरच.

आणि बोरिस जॉन्सन! यांनी सार्वमताआधी दोन लेख लिहून ठेवले होते, एक बाहेर पडा म्हणणारा, एक राहा म्हणणारा, मग छापायला दिला त्यातला एक. मे बाईंच्या ब्रेक्झिट कराराला दोनदा विरोध केला, पण करार पास झाला तर मी खुर्ची सोडते असं बाई बोलल्या आणि तिसऱ्यांदा यांचं मत बाजूने! पंतप्रधान झाल्यावर म्हणे खड्ड्यात मरून पडेन पण मुदतवाढ मागणार नाही. १९ ऑक्टोबरला मागितलीच की, फक्त पत्रावर सही केली नाही आणि सोबत दुसरं सहीचं पत्र, की मुदतवाढ देणं चूक आहे. आमच्या सोसायटीत असं पत्र दिलं तर सेक्रेटरी तोंडावर फेकेल. मग १२ डिसेंबर २०१९ ला निवडणूक ठरली. तारीख चुकली तरी माणूस परत मतं मागायला तयार.

आपल्याकडे तरी काय वेगळं, २४ ऑक्टोबर २०१९ ला विधानसभेचा निकाल लागला, जुन्या विधानसभेची मुदत ९ नोव्हेंबरला संपत होती आणि भाजप-शिवसेना हे दोन्ही मित्रपक्ष मुख्यमंत्रिपदाच्या अडीच-अडीच वर्षांचा हिशोब करत बसले होते. शेतात मात्र वेचणीला आलेला कापूस झाडावरच भिजला, खालच्या कैऱ्या (कच्ची बोंडं) सडल्या, ज्वारीच्या कणसांना कोंब फुटले. (फोटो काढून ठेवलेत, पाहिजे तर पाठवतो.)

पीक विम्याचा तेव्हा नियम असा होता की नुकसान झाल्यापासून ७२ तासांत कळवा. पाऊस ऐन दिवाळीत, बँक बंद, तलाठी आप्पा गावाला गेलेले, टोल फ्री नंबर सारखा बिझी. पाडव्याला संध्याकाळी एकदाचा फोन लागला तर तिकडची पोरगी म्हणे सर, तुमचे ७२ तास होऊन गेले. मी म्हटलं ताई, बिनसहीचं पत्र पाठवलं तर चालेल का? तिला काही समजलं नाही, होल्डवर टाकलं आणि लाईन कट झाली.

– एक कापूस उत्पादक, ता. अमळनेर, जि. जळगाव