आंटी, तुमच्यामुळे लोक बोलले

आंटी, हे मराठीत लिहितेय, तुम्हाला फोनवर वाचून आणि समजावून सांगेनच, पण आपल्या मराठी लोकांनीही वाचावं असं फार वाटतं म्हणून इथे टाकतेय.

2018 ला मी घशाच्या कॅन्सरवरच्या अभ्यासासाठी ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडहून पोर्ट ऑगस्टाला पहिल्यांदा आले तेव्हा माझ्याकडे लाळेच्या ट्यूबांचा बॉक्स होता आणि प्रश्नांचा फॉर्म. प्रश्न कसले, तर ओरल सेक्स केलाय का, किती जणांशी. कुठल्यातरी इंडियन पोरीने येऊन ॲबोरिजिनल, म्हणजे तिथल्या मूळ रहिवासी माणसांना हे विचारायचं! पहिल्या दिवशी एकेक करत सगळे उठून गेले. तुम्ही त्यांच्यातल्याच, पण रागावला नाहीत, फॉर्म बाजूला सारलात आणि म्हणालात, आधी तू कुठली, तुझी माणसं कोण ते सांग. मग मी संगमनेरची, माझी आजी मिश्री लावायची, तिला गालाचा कॅन्सर झाला, घरात कुणी त्याचं नावसुद्धा घेत नव्हतं, असं सगळं बोलत गेले आणि हळूहळू समोरची माणसंही बोलायला लागली. बायकांचं बायकांत, पुरुषांसाठी तुमच्या भाच्याला बसवलंत, हे मला कुठल्या कॉलेजात शिकवलं नव्हतं.

आपल्याकडे तोंडाचा कॅन्सर म्हटलं की तंबाखू, गुटखा. पण घशाचा, म्हणजे टॉन्सिलचा आणि जिभेच्या मुळाचा कॅन्सर एचपीव्ही या ओरल सेक्समधूनही पसरणाऱ्या व्हायरसच्या 16 नंबरच्या प्रकारामुळेही होतो, तंबाखूला कधी हात न लावलेल्यांनाही. बहुतेकांच्या तोंडातला व्हायरस वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातो, काहींचा राहतो, आणि कितीतरी वर्षांनी मानेत गाठ येते, दुखत नाही म्हणून माणूस दाखवत नाही. गर्भाशयाच्या मुखाची तपासणी असते तशी घशाची नाही.

शेवटी 1011 जणांनी लाळ दिली. साधारण तिघांत एकाच्या तोंडात एचपीव्ही निघाला आणि तुम्ही मला विचारलंत, म्हणजे आमच्या एवढ्या लोकांना कॅन्सर होणार का? तसं नव्हतं, सगळ्यात जास्त सापडले ते 13 आणि 32 नंबरचे प्रकार, त्यांनी तोंडात बारीक गाठी येतात, कॅन्सर नाही, कॅन्सरचा धोका असलेले 16 आणि 18 वाले शंभरात तीनेकच. गोऱ्यांच्या आकड्यांवर अंदाज बांधत बसलो असतो तर हे कळलंच नसतं. आणि हे घरोघरी जाऊन कुणाला न घाबरवता सांगितलंत ते तुम्हीच, मी नुसती शेजारी बसले होते.

आंटी, मागच्या आठवड्यात पुण्याच्या भावाला फोन केला, पोराला एचपीव्हीची लस दे म्हटलं, तर म्हणे ती मुलींची असते. ऑस्ट्रेलियात 2013 पासून मुलग्यांनाही शाळेत फुकट मिळते, 2023 पासून तर एकच डोस, हे सगळं सांगायच्या आधी मी तुमच्यासारखं आजीपासून सुरू केलं. तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, आजी शेवटी काही खाऊ शकत नव्हती ना गं. तासभर बोललो आम्ही, आयुष्यात पहिल्यांदा. शनिवारी तो पोराला घेऊन डॉक्टरांकडे जातोय.