उडणारा मासा पंख फडफडवत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या मुलांच्या पुरवणीत गेल्या रविवारी उडणाऱ्या माशाविषयी आलेला मजकूर आवडीने वाचला. मात्र हा मासा ‘पंख फडफडवत उडतो’ असे त्यात म्हटले होते आणि चित्रात त्याच्या शेपटीची दोन्ही टोके सारखी दाखवली होती. या चुकांची दुरुस्ती व्हावी असे मला मनापासून वाटते, कारण या माशाची खरी करामत त्या शेपटीतच आहे.

त्याचे पंख म्हणजे छातीजवळचे लांबलचक वाढलेले पर (माशाचे पोहण्याचे अवयव). काही जातींत पोटाजवळच्या परांची जोडीही तशीच मोठी असते. पक्ष्यासारखे पंख हलवण्याइतके दणकट स्नायू त्याच्या छातीत नसतात, हे जर्मन प्राणिशास्त्रज्ञ कार्ल मोबियस यांनी १८७८ मध्येच दाखवून दिले होते. जोर येतो तो शेपटीतून. तिचे खालचे टोक वरच्यापेक्षा स्पष्टपणे लांब असते. टूना किंवा डोराडोसारखा मोठा शिकारी मासा मागे लागला, की उडणारा मासा ताशी सुमारे ३६ किलोमीटर वेगाने पृष्ठभागाकडे झेपावतो, अंग पाण्याबाहेर काढून पर पसरतो आणि पाण्यातच राहिलेले ते खालचे टोक सेकंदाला पन्नास ते सत्तर वेळा डावी-उजवीकडे मारत वेग आणखी वाढवतो. शेपटी पाण्यातून सुटली, की पुढचा प्रवास निव्वळ हवेत तरंगत होतो.

एका झेपेत तो साधारण पन्नास मीटर जातो. वेग मंदावल्यावर पूर्ण बुडी न घेता शेपटीचे तेवढेच टोक पाण्यात टेकवून तो पुन्हा उसळी घेतो, आणि अशा सलग झेपांनी चारशे मीटरपर्यंतचे अंतर कापल्याच्या नोंदी आहेत. जपानमधील याकुशिमा बेटाजवळ २००८ मध्ये चित्रित झालेला असा प्रवास तब्बल ४५ सेकंदांचा होता. हा मासा पाण्याला इतका लगटून का जातो, याचेही उत्तर मिळाले आहे. सोल येथील संशोधकांनी २०१० मध्ये पेंढा भरलेले मासे वातबोगद्यात (कृत्रिम वारा सोडून चाचणी घेण्याच्या बोगद्यात) ठेवून मोजमाप केले, तेव्हा पृष्ठभागालगत हवेचा अडथळा कमी होऊन तरंगणे अधिक किफायतशीर ठरते, असे आढळले.

पुढच्या अंकात जागा मिळाल्यास सुधारित चित्र अवश्य छापावे. त्यात पर स्थिर पसरलेले असावेत आणि शेपटीचे लांब टोक पाण्यावर नागमोडी रेघ ओढताना दिसावे.

आपला नम्र,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक