चष्म्याच्या दोरीबद्दल आभार

ताई,

दोरी बसली! काल रात्री ‘द सिम्स ४’ या कॉम्प्युटर खेळातल्या माझ्या आजीने मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली, वाकून झाडांना पाणी घातलं आणि चष्म्याची दोरी एकदाही अंगात शिरली नाही. फोनवर नुसतं ‘थँक्यू’ म्हणून ठेवलं असतं तर चुटपुट लागून राहिली असती, म्हणून हे पत्र.

तुम्हाला पहिल्यांदा फोन केला तेव्हा माझा पार वैताग झाला होता. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये आजीच्या चष्म्याची फ्रेम काढली होती, काचा बसवल्या होत्या, मागून दोरी फिरवली होती. दिसायला झकास. सिम्स ४ स्टुडिओ या खेळात वस्तू घालायच्या साधनात खेळातल्याच एका चष्म्याची प्रत करून त्यात माझा मेश, म्हणजे थ्रीडी आकार, घातला, तयार झालेली पॅकेज फाइल मॉड्सच्या फोल्डरमध्ये टाकली आणि खेळ सुरू केला. आजीने मान वळवली मात्र, दोरीचा वेढा थेट खांद्यात! कॅमेरा मागे नेला तर आणखी मजा: दोरी गायब आणि ज्याची प्रत केली होती तो चष्मा नाकावर परत हजर.

“फाइल पाठव, करून देते,” असं तुम्ही म्हणाल, अशी माझी अपेक्षा होती. खरं सांगतो, मला तेच हवं होतं. तुम्ही मात्र स्वतःचा दोरीचा चष्मा डोळ्यांवर चढवलात, व्हिडिओ कॉलवर माझ्याकडे पाठ केलीत आणि सावकाश मान वळवलीत. “दोरी कुणाबरोबर चाललीय ते बघ.” कानाजवळची दोरी डोक्याबरोबर सरकत होती. पाठीवरचा झोळ जवळजवळ जागच्या जागी होता. मधला भाग दोघांच्या ओढाताणीत.

मग ब्लेंडरमधलं वेट पेंट उघडायला लावलंत, म्हणजे आकाराचा कुठला भाग पात्राच्या कुठल्या हाडाबरोबर किती हलतो ते रंगात दिसतं. माझी अख्खी दोरी डोक्याच्या हाडाला पूर्ण बांधलेली, म्हणून एकसारखी लालभडक. चष्म्याला ते ठीक, कारण चष्मा डोक्याबरोबरच हलतो. दोरीचं तसं नाही. काड्यांपाशी डोकं, खाली उतरताना थोडी मान, झोळापाशी पाठीचा कणा, असं वाटत जायचं. आणि प्रत्येक बिंदूच्या वाट्यांची बेरीज १ राहिली पाहिजे, म्हणजे एका हाडाला जास्त दिलं की दुसऱ्याचं तेवढं कमी. हे ट्युटोरियलमध्ये मी दहादा ऐकलं होतं. तुमची पाठ बघेपर्यंत डोक्यात शिरलं नव्हतं.

बाकीचं तुम्ही जाता जाता सांगितलंत, पण त्याशिवाय अडलंच असतं. जवळून दिसणारा आणि लांबून दिसणारा मेश खेळात वेगवेगळा असतो. मी फक्त पहिला बदलला होता, म्हणून तो जुना चष्मा उगवायचा. एका बाजूने काच नाहीशी व्हायची, कारण पृष्ठं उलटी होती. पृष्ठांची दिशा दाखवणारं फेस ओरिएंटेशन लावल्यावर ब्लेंडरमध्ये ती लाल दिसली. आणि स्वेटर बदलला की दोरीचा रंग का बदलतो, यावर मी दोन रात्री घालवल्या होत्या! कपडे, त्वचा, दागिने सगळे एकाच टेक्स्चरवर, म्हणजे रंगाच्या चित्रावर, जागा वाटून घेतात आणि माझ्या दोरीचं यूव्ही, म्हणजे त्या चित्रावरचा नकाशा, बाहीच्या जागेवर जाऊन बसलेलं. तुम्ही इतक्या हसलात की मलाही हसू आलं.

एक कबुलीही देतो. मेशमधले त्रिकोण कमी कर म्हणालात तेव्हा मनातून राग आला होता. दोरीचा पीळन् पीळ मी हाताने काढला होता. आता पीळ फक्त टेक्स्चरमध्ये रंगवलाय आणि खेळात, पैजेवर सांगतो, फरक ओळखता येत नाही.

फाइल सोबत जोडली आहे. खेळाचा नवा अपडेट आला असेल तर सेटिंगमध्ये कस्टम कंटेंट (अशा बाहेरून घातलेल्या वस्तू) पुन्हा चालू करावं लागेल, हे तुम्हाला सांगायला नकोच. रंग सहा दिलेत. तुमच्या दोरीचा मरून पहिला. उंच कॉलरच्या शर्टावर डाव्या बाजूला दोरी अजून किंचित आत जाते. तेवढं रविवारी बघतो, आणि नाही जमलं तर पुन्हा पाठ करून बसावं लागेल तुम्हाला.

तुमचा,
दोरीवाला