रविवारी कुठे जातेस ते सांगत जा

बेटा, जय ख्रिस्त.

परवा फोनवर तू बोलता बोलता म्हणालीस की रविवारी सकाळी रूममेट विचारतात कुठे चाललीस, तर तू चर्चला जाते असं न सांगता "जरा बाहेर जाऊन येते" म्हणतेस, आणि लगेच विषय बदललास. मी तेव्हा गप्प बसले कारण पप्पा शेजारीच होते आणि त्यांचं लेक्चर सुरू झालं असतं. पण डोक्यातून जाईना म्हणून लिहितेय. व्हॉट्सअॅपवर माझे मोठे मेसेज तू वाचत नाहीस, नुसता अंगठा पाठवतेस, म्हणून कागदावर.

आणि तिकडच्या तरुण संघात कोणी सांगितलं ना, वर्षात एकेकाने एक तरी मैत्रीण चर्चला आणायचीच? मला हे टार्गेट अजिबात पटलेलं नाही. मैत्रीण म्हणजे काय पॉलिसी आहे का.

माझीच एक गोष्ट सांगते, पप्पांनाही पूर्ण माहीत नाही. मी नवीन नवीन नर्स म्हणून लागले होते, अंगात फार जोश. मुलांच्या वॉर्डात एक बाई, लेकराला न्यूमोनिया, तीन रात्री ती झोपलेली नव्हती. नाइटला मी तिच्या हातात सुवार्तेची, म्हणजे येशूबद्दलची, पत्रिका ठेवली आणि पाच मिनिटं बोलत राहिले. तिने दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली. मला वाटलं वा, काम झालं. डिस्चार्जच्या दिवशी तिने ती चार घड्या घातलेली पत्रिका परत दिली आणि हळूच म्हणाली, सिस्टर, तेव्हा नाही कसं म्हणणार, बाळाची सुई तुमच्या हातात होती. रागावून नाही हं, अगदी साधेपणाने. मी ड्रेसिंग ट्रॉलीपाशी जाऊन उगाच कापसाचे बोळे मोजत उभी राहिले.

त्यानंतर मी ड्यूटीवर आपणहून कधी विषय काढला नाही, फक्त सलाईन लावायच्या आधी क्षणभर डोळे मिटायचे, ते काही सोडलं नाही. पुष्कळ वर्षांनी एका आजीने विचारलं, काय गं, तुला सुईची भीती वाटते का, डोळे मिटतेस ते? म्हटलं नाही आजी, प्रार्थना करते. "माझ्यासाठी पण?" हो. मग आजी रोज विचारायची, आज काय मागितलंस माझ्यासाठी, आणि मी सांगायचे, कधी झोप, कधी सुनेचा फोन. येशूबद्दल तिनेच विचारलं, मी उत्तर दिलं. पुढे तिचं काय झालं मला ठाऊक नाही, घरी गेली एवढंच.

आपल्या टिळकांचं बघ, लोकमान्य नव्हे, कवी ना. वा. टिळक. नागपूरहून राजनांदगावला चालले होते, रेल्वेच्या डब्यात एक परदेशी माणूस भेटला, त्याने कवितेच्या, साहित्याच्या गप्पा मारल्या, बायबलचा नवा करार हातात दिला आणि गेला. बाकीचं टिळकांनी स्वतः वाचलं, येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी अडकले, आणि 1895 साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. आणि त्यांच्या लक्ष्मीबाई? नवरा ख्रिस्ती झाला म्हणून त्या झाल्या नाहीत. कितीतरी दिवस वेगळ्या राहिल्या, परत आल्यावरही सोवळं पाळत होत्या, आणि ते सुटलं ते त्यांच्या स्वतःच्या विचाराने. त्यांच्या मागे कोणी टार्गेट घेऊन फिरलं असतं ना, तर त्या बाईने त्याला उंबऱ्यातूनच परत लावलं असतं!

पण म्हणून लपायचं असंही नाही. मला माहितीये कॉलेजात तुला कोणीतरी "तांदळाचे ख्रिश्चन", म्हणजे धान्यासाठी धर्म बदललेले, म्हणालं होतं, तेव्हापासून तू जपून असतेस. अगं, 1896 नंतरच्या दुष्काळात भुकेल्याला कोणी धान्य दिलं आणि त्याने त्याचा देव कोण म्हणून विचारलं, यात लाज कसली? पंडिता रमाबाई त्याच दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन मुली घेऊन आल्या केडगावला, आधी जेवू घातलं. भाकरी दाखवून सौदा केला तर ती लाज, आणि तसंही कुठे कुठे झालं असेल, मी नाही म्हणत नाही.

बायबलमधलं पेत्राच्या पत्रातलं ते वचन काढून वाच, पहिलं पत्र, 3:15. विचारणाऱ्याला उत्तर द्यायला तयार राहा आणि तेही सौम्यपणे. लोक "तयार राहा" पाठ करतात, "विचारणाऱ्याला" विसरतात.

गणपतीच्या प्रसादाचं विचारलं होतंस. घ्यायचा की नाही ते तुझं तू प्रार्थना करून ठरव, आपल्या मंडळीतही दोन मतं आहेत. पण नाही घेतलास तर तोंड वाकडं करू नकोस, आणि आरतीच्या वेळी तुझ्या त्या रूममेटला फुलं आणून द्यायला तुला काही होत नाही. ती तापाने पडली तेव्हा तू रात्रभर पट्ट्या ठेवल्यास ना, मग आता कुठे जातेस हे तिच्यापासून का लपवायचं?

शनिवारी पप्पांचे मित्र पुण्याला येतायत, त्यांच्याकडे नाताळचा फराळ देतेय. करंज्या थोड्या फुटल्यात, चिवडा झकास झालाय, मोठा डबा रूममेट्सना. त्यांनी विचारलं आत्ता डिसेंबरात कसला फराळ, तर सांग. आणि डबे परत पाठव, मागच्या दिवाळीचा स्टीलचा अजून तुझ्याकडेच आहे.

तुझी,
आई