मोबाईलने पाठ मोजताना

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

शाळेची आरोग्य तपासणी असो, जिम असो की फिजिओथेरपीचं क्लिनिक, बडोद्यातही आता पाठीचा कोन मोबाईलवर मोजला जाऊ लागला आहे. पालकांच्या हाती ‘६ अंश’ एवढीच चिठ्ठी येते आणि घरात काळजी सुरू होते. फोनमधला सेन्सर या कामाला पुरेसा आहे. चूक होते ती फोन धरण्यात, जागा निवडण्यात आणि आकड्याचा अर्थ लावण्यात.

मुलांमधला स्कोलिओसिस, म्हणजे कण्याला आलेला बाजूचा बाक, शोधायची पद्धत जुनीच आहे. मूल अनवाणी, पावलं जुळवून, गुडघे ताठ ठेवून उभं राहतं आणि तळहात एकमेकांना लावून सावकाश पुढे वाकतं. फोन लांब कडेवर उभा करून कण्याला काटकोनात टेकवायचा, मध्य बरोबर पाठीच्या मधोमध हाताला लागणाऱ्या मणक्याच्या टोकावर. छातीमागे एका बाजूला आलेला उंचवटा थोडं वाकल्यावर दिसतो, कमरेचा बराच खाली वाकल्यावर. म्हणून एकाच स्थितीत एकदाच फोन टेकवून मोकळं होणं म्हणजे अर्धीच तपासणी. छाती, कंबर आणि दोन्हींच्या मधला भाग अशा तिन्ही ठिकाणी मोजून सर्वांत मोठा आकडा लिहावा.

खऱ्या स्कोलिओमीटरला, म्हणजे हा कोन मोजायच्या खास उपकरणाला, मध्ये खाच असते, मणक्याचा उंचवटा तिच्यात बसतो. फोनला ती नसते, त्यामुळे तो मणक्यावर डुलतो आणि आकडा स्थिरच होत नाही. दोन्ही अंगठे कडेखाली घेऊन मध्ये बोटभर फट ठेवली की काम भागतं, मात्र दोन्हीकडचा दाब सारखा हवा. खाच असलेलं कव्हर मिळालं तर उत्तमच. एरवीचं गुबगुबीत कव्हर काढून ठेवा. पॉवर आणि आवाजाची बटणं ज्या कडेला असतात ती कड टेकवू नका; पुष्कळ अँड्रॉइड फोनांत डावी कड मोकळी असते. फोन सपाट, मागच्या बाजूवर तर टेकवूच नये, तिथे कॅमेरा वर आलेला असतो.

सुरुवातीला टेबलावर एक चाचणी करावी. फोन कडेवर ठेवून आकडा वाचा, मग तोच फोन त्याच जागी टोकाची अदलाबदल करून ठेवा आणि पुन्हा वाचा. एकदा डावीकडे १.५ आणि नंतर उजवीकडे ०.५ आलं, तर टेबल १ अंशाने कललेलं आहे आणि फोन अर्ध्या अंशाने चुकतो आहे. ही चूक २ अंशांची निघाली तर ५ चे ७ होतात, आणि नेमक्या याच दोन आकड्यांवर मूल पुढे पाठवायचं की नाही ते ठरतं. ५ वर पाठवलं तर फारसं कुणी निसटत नाही, पण विनाकारण एक्स-रे वाढतात. ७ वर ते कमी होतात, काही मुलं मात्र सुटतात.

फोनवरचा अंश आणि एक्स-रेवरचा अंश एक नव्हे, हे पालकांना कुणी सांगतच नाही. फोन धडाचा पीळ मोजतो. एक्स-रेवर मोजतात तो कण्याचा बाक, कॉब कोन. उभ्याने काढलेल्या एक्स-रेत तो १० अंश किंवा जास्त असेल तरच स्कोलिओसिस म्हणतात. फोनवर ७ आले म्हणून ‘१० च्या आत आहे’ असं समाधान मानणं चूक, कारण एक्स-रेवरचा कोन पुष्कळदा यापेक्षा बराच मोठा निघतो. एक पाय आखूड असला तरी उंचवटा दिसतो, तेव्हा स्टुलावर बसवून पुन्हा मोजावं. अंगाने जाड मुलांत चरबीखाली पीळ झाकला जातो.

मोठ्यांच्या कंबरदुखीत वेगळीच गफलत होते. कमरेवर एकदाच फोन लावून ‘८० अंश वाकतात’ असं लिहितात. त्यातलं निम्मंअधिक वाकणं खुब्यांतलं असू शकतं. उभ्याने बाराव्या पाठमणक्यावर आणि माकडहाडाच्या वरच्या त्रिकास्थीवर शून्य धरावं, वाकल्यावर दोन्ही ठिकाणी वाचावं आणि वजाबाकी करावी. अँकिलोझिंग स्पाँडिलायटिसची, म्हणजे कणा ताठरवणाऱ्या सांधेदाहाची, शंका असेल तर मंगळबाजारात मिळणारी शिंप्याची टेप फोनपेक्षा सोपी. कमरेवरच्या दोन खळ्यांना जोडणाऱ्या रेषेच्या वर १० सेंटीमीटर आणि खाली ५ सेंटीमीटरवर खुणा करायच्या. वाकल्यावर हे १५ सेंटीमीटरचं अंतर निदान २० व्हायला हवं.

उत्तरायणाला पतंगांसाठी दिवसभर आकाशाकडे पाहून मान धरलेले लोक येतात, त्यांची मान वळण्याची मर्यादा बसवून मोजली जाते. बसलेल्या माणसाच्या मानेचं वळणं फोन होकायंत्रावर मोजतो आणि लोखंडी खाट, स्पीकर किंवा चुंबकाचं फ्लिप कव्हर जवळ असलं की तो भरकटतो. उताणं झोपवून फोन कपाळावर धरला की गुरुत्वाकर्षणावरच मोजता येतं.

फोटोवरून ‘पोश्चर स्कोअर’ देणाऱ्या ॲप्सवर मात्र आमचा भरवसा नाही. केस, ओढणी, सैल शर्ट यांवरून ॲप स्वतःच बिंदू ठरवतं, कॅमेरा जरा तिरका झाला की कोन बदलतो, आणि तरी उत्तर दशांशात! शिवाय मुलांचे उघड्या पाठीचे फोटो कुठे साठतात, हा प्रश्न राहतोच. कोन मोजायला फोटो लागतच नाही.

पायातली ताकद कमी होणं, जांघेत बधिरपणा, लघवी-शौचावरचा ताबा जाणं, ताप किंवा वजन घटण्याबरोबरची पाठदुखी यांत फोन काढण्यात वेळ घालवू नये, थेट डॉक्टरांकडे जावं.

शिबिरं भरवणाऱ्यांना एवढीच विनंती की कार्डावर नुसता आकडा नको. कुठल्या पातळीवर, कुठल्या बाजूला, उभ्याने की बसून मोजला, फोन आणि ॲप कोणतं, हेही लिहावं. सहा महिन्यांनी दुसऱ्या कुणी मोजलं, तर तुलना करता येईल.

— पाठीच्या विकारांवर काम करणारे काही फिजिओथेरपिस्ट, दांडिया बाजार, बडोदा