आई-बाबा, हे पत्र दोघांनी मिळूनच वाचा

ती. आई-बाबांना सा. न.

फोन एका वेळी एकाच्याच कानाला असतो, म्हणून लिहितेय. बाबा, चष्मा लावा आणि मोठ्याने वाचा. आई, गॅस बंद कर आणि त्यांच्या शेजारी बस.

आधी ते सांगून टाकते. आईच्या गुरुवारच्या केमोला मी येत नाहीये. रागावू नका. रजा मिळत नाही असं सांगता आलं असतं, पण रजा आहे. ईशानच्या परीक्षेचं त्याचे बाबा बघणार आहेत. तरी येत नाहीये, कारण मी आले की तुम्ही दोघं माझ्याशी बोलता आणि एकमेकांशी बोलायचं राहून जातं. आई गच्चीवर कपडे वाळत घालताना बोलते. बाबा मला भाजी आणायच्या निमित्ताने मारुती चौकापर्यंत नेतात आणि तिथे बोलतात. शेवटी दोघांचं एकच. "तिला सांगू नकोस." "यांना कळू देऊ नकोस."

यापुढे मी असं काही पोटात ठेवणार नाही. आणि आजवरचं इथेच, दोघांसमोर मांडतेय. तुम्हाला दुखवायला नाही, देवाशपथ.

बाबा, सीए-125 चा, म्हणजे कर्करोगावर लक्ष ठेवायच्या रक्ततपासणीचा, तो रिपोर्ट तुम्ही पासबुकाच्या कव्हरात ठेवलाय ना, आईने तो वाचलाय. आकडा शेकड्यांतून खाली आला, पण 35 च्या आत अजून नाही, हे तिला माहीत आहे. हा आजार पुन्हा उलटण्याचं प्रमाण मोठं असतं, हेही. डॉक्टर ते बोलले तेव्हा ती खिडकीबाहेर बघत होती, पण सगळं ऐकत होती.

आई, बाबा रात्रभर जागे असतात. पोट फुगतंय, दोन घासांत भरल्यासारखं होतंय, सारखं लघवीला जावं लागतंय असं तू म्हणायचीस, तेव्हा "गॅस झालाय, ओवा खा" असं ते म्हणाले, हे त्यांच्या मनातून जात नाही. बाबा, अंडाशयाचा कर्करोग बहुतेक वेळा असाच उशिरा, पोटात पसरल्यावर कळतो. लक्षणंच अपचनासारखी असतात. डॉक्टरांनाही आधी अपचनच वाटलं होतं. आईने तुम्हाला कधी दोष दिला नाही. विचारा आत्ता, शेजारीच आहे.

आणि आई, माझंही. तुझ्या तपासणीत बीआरसीए-1 या जनुकातला दोष निघाल्यापासून तू माझ्याकडे अपराध्यासारखी बघतेस. तो मुलात उतरण्याची शक्यता निम्मी असते. मी रक्त देऊन आलेय. निघालाच, तर स्तनांच्या नियमित तपासण्या आहेत, पुढे वेळ आली की अंडाशय आधीच काढून घेता येतात. आक्कामावशीच्या वेळी यातलं काहीच आपल्याला माहीत नव्हतं. मला तुझ्यामुळे वेळेत कळेल. तुझं नाक, तुझे हट्ट, तुझी पोळीवर तूप फिरवायची पद्धत, सगळं मी हक्काने घेतलंय. यासाठी मेहेरबानी करून रडू नकोस.

2019 चा कृष्णेचा पूर आठवा. आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांवर गेलं होतं आणि तुम्ही दोघं जिन्यात उभं राहून एकमेकांना पायऱ्या मोजून सांगत होतात. एकानेही पायरी लपवली नाही. म्हणून धान्य, देव, माझ्या शाळेच्या वह्यासुद्धा वेळेत वर गेल्या. मग हा आकडाच का लपवायचा?

हा आजार आला ते बरं झालं, असं मी मरेपर्यंत म्हणणार नाही. पण या महिन्यांत मी जे बघितलं तेही खोटं नाही. ज्या बाबांना साखरेचा डबा कुठे असतो ते ठाऊक नव्हतं, ते मुगाचं कढण करतात आणि चव बघायला आईला चमचा देतात. आई, तू आयुष्यात पहिल्यांदा आलेल्या पाहुण्यांना "आज नको, मला पडायचंय" म्हणालीस. मला दारातच तुला मिठी मारावीशी वाटली. केस गेले त्या दिवशी बाबांनी स्वतःच्या हाताने उरलेले केस कापले, टॉवेलने मान पुसली. तेव्हा मी आतल्या खोलीत होते, आणि लहानपणी तापात तुम्ही दोघं माझ्या उशाशी बसायचात तसं सुरक्षित वाटलं मला. इतकं जमतं तुम्हाला. मग बोलणंही जमेल.

हॉस्पिटलमधल्या समुपदेशक मॅडमशी मी बोललेय. बुधवारी सीबीसीला, म्हणजे रक्त तपासायला, जाल तेव्हा 11 वाजता दोघांची वेळ घेतलीय. डोक्याचा काही आजार आहे म्हणून नाही हो बाबा. जोडीदाराला त्रास नको म्हणून भीती गिळणारी नवरा-बायको त्यांच्याकडे नेहमी येतात, असं त्या म्हणाल्या. दोघांचाही ताण त्याने वाढतोच. एकदा जाऊन या, मग ठरवा. अपरात्री जीव घाबरला आणि मी फोन उचलला नाही, तर टेलीमानस या सरकारी हेल्पलाइनचा 14416 लावा, फुकट आहे, मराठीत बोलतात.

मुलीने बोलावं की नाही कळत नाही, पण लिहिते. ऑपरेशनपासून बाबा बाहेरच्या खोलीत झोपतात. जखम भरलीय. वेगळं झोपा असं डॉक्टरांनी कधीच सांगितलं नव्हतं. आईला वाटतं तुम्हाला आता ती बघवत नाही, आणि तुम्हाला वाटतं तिला धक्का लागेल. पलंग मोठा आहे. केमोच्या रात्री त्या स्टेरॉइडमुळे झोप उडतेच, तेव्हा जागेच राहणार असाल तर एकमेकांशी बोलत जागा.

आता नीट ऐका. ताप 100.4 किंवा त्याच्या वर गेला तर क्रोसिन देऊन सकाळची वाट बघायची नाही, रात्रीचे दोन वाजले तरी हॉस्पिटल. आई, पायाला मुंग्या येतात ना, म्हणून अनवाणी अंगणात जायचं नाही. आणि पाणी किती कढत आहे ते बाबांनी बघायचं, तू पाय घालून नाही. उसाचा रस, बाहेरचं कापलेलं फळ बंद. बाबा, तुमची बीपीची गोळी आईच्या गोळ्यांच्या डब्यातच ठेवा, म्हणजे विसरणार नाही. रिक्षावाल्या काकांना बुधवार-गुरुवार दोन्ही दिवसांचं सांगून ठेवलंय, आईला उतरायला सोपं पडेल असं तेच बघतील. डब्याचं पाटील काकूंशी बोललेय, तिखट कमी.

पुढच्या शनिवारी मी येतेय, ईशानलाही आणते. तेव्हा मला कुणी गच्चीवर किंवा चौकात नेऊ नका. स्वयंपाकघरात चौघं बसू.

तुमची,
मनू

ता. क. बाबा, बुधवारची वेळ परस्पर रद्द करू नका. मॅडमना माझा नंबर दिलाय.